क्लॅरिनेटवाल्याचे दोन दात

“अक्का, फुटपाथवर पडलं तर केस कोणावर घालायची?”

जे. पी. नगरातल्या आमच्या बागेत सकाळी फिरायला गेलं की कोणी ना कोणी हा प्रश्न घेऊन मला गाठतंच. वकिली सोडून बरीच वर्षं झाली, काळा कोट नातीने नाटकात घालून फाडला, पण शेजाऱ्यांच्या लेखी वकील कधी निवृत्त होत नाही. कोणाला स्कूटरने धक्का दिलेला असतो, कोणाच्या अंगावर वरच्या मजल्यावरची कुंडी पडता पडता राहिलेली असते. पडता पडता राहिलेल्या कुंडीची भरपाई मिळत नाही, असं मी सांगते तेव्हा लोकांचा चेहरा इतका उतरतो, की कुंडी पडली असती तर बरं झालं असतं असंच त्यांना वाटत असावं.

आमची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरची. घरात मराठी, दाराबाहेर कानडी, कोर्टात इंग्रजी, अशी तीन खणांची आमची पेटी. त्यामुळे माझ्या मराठीत स्वल्प कानडी मिसळलेलं असतं, ते वाचकांनी चालवून घ्यावं.

पन्नासच्या दशकाच्या शेवटी मी गांधीनगरात नरसिंहय्या नावाच्या ज्येष्ठ वकिलांकडे उमेदवारीला लागले. त्यांच्याकडे वाटणीचे आणि जमिनीचे दावे. एकेक दावा इतका जुना, की मूळ भांडण कशावरून झालं ते पक्षकारांनाही आठवत नसे. अशा भारदस्त ऑफिसात कोणी हात गळ्यात बांधून किंवा काठी टेकत आलं, की नरसिंहय्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत आणि म्हणत, “अम्मा, हे तुम्ही बघा.” बाईमाणसाला जमिनीच्या दाव्यातलं काय कळणार, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. दुखणंखुपणं मात्र बाईला कळतं! मी मुकाट्याने बघत गेले. बघता बघता बाररूममध्ये माझं नाव पडलं ‘कैकालु लायर’. कै म्हणजे हात, कालु म्हणजे पाय. हातापायांची वकील. सुरुवातीला राग यायचा. पुढे मीच फोनवर तशी ओळख द्यायला लागले.

ही हातापायांची वकिली म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. पडलात, लागलं, दुखतंय, एवढ्यावर कायदा हलत नाही. दुसऱ्या कोणी जी काळजी घ्यायला हवी होती ती घेतली नाही, आणि त्यामुळेच तुम्हाला इजा झाली, हे दाखवावं लागतं. मग तुमचं काय गेलं ते दाखवायचं. औषधपाणी झालं, बुडालेली कमाई झाली, यापुढे जे जमणार नाही तेही आलं. तुमचीही थोडी चूक असेल, तर न्यायाधीश तेवढा हिस्सा कापतात. आणि हे सगळं मुदतीत करायचं. त्या काळी मुदत फार तोकडी होती. धडक देणाऱ्याने शहाळं पाजलं, जटक्यात, म्हणजे आमच्याकडच्या टांग्यात, बसवून घरी पोचवलं, की आमचे लोक विरघळून जात. ‘सभ्य माणूस आहे, केस काय करायची’ म्हणत स्वस्थ बसत. पाय वाकडा जुळला आहे हे कळून माझ्याकडे येईपर्यंत मुदत गेलेली असे. अशांना परत पाठवताना वाईट वाटायचं. ते चेहरे अजून आठवतात.

दुसरा नेहमीचा प्रश्न म्हणजे भरपाई द्यायची कोणी? एका हॉटेलात वेटरने उकळती कॉफी गिऱ्हाइकाच्या मांडीवर सांडली. मालक म्हणाला, “कॉफी मी सांडली नाही, वेटरला विचारा.” तसं चालत नाही. नोकर मालकाचं काम करत असताना चूक झाली, तर जबाबदारी मालकाचीही. कॉफीचा नफा मालकाच्या गल्ल्यात जातो, मग सांडलेली कॉफी एकट्या वेटरची कशी?

जनावरांचा कायदा आणखी गमतीचा. कुत्रा चावला तर तो चावरा आहे हे मालकाला आधीपासून ठाऊक होतं का, हे बघतात. बसवनगुडीतले एक निवृत्त हेडमास्तर शेजाऱ्याच्या कुत्र्याने पोटरीला धरले म्हणून आले. ते ‘ठाऊक होतं’ सिद्ध कसं करायचं, या काळजीत मी होते. शेजारी साक्षीला उभे राहिले आणि दुखावल्या आवाजात म्हणाले, “आमचा टायगर? अहो, तो आजवर कोणाला चावला नाही. पोस्टमन सोडून.” मी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. वकिलीत गप्प कधी बसावं हे मला टायगरच्या मालकाने शिकवलं.

पण आज सांगायची आहे ती नागोजीरावांची केस. साठच्या दशकाच्या सुरुवातीची. मोटार अपघातांच्या दाव्यांसाठी वेगळं न्यायासन तेव्हा नवीनच होतं. म्हणजे नाव वेगळं, खोली तीच. जिल्हा न्यायाधीशच ठरलेल्या दिवशी ते काम बघत.

एका दुपारी ऑफिसात एक जोडपं आलं. पुरुष उंच, सडसडीत, कोट घातलेला, तोंडावर हातरुमाल धरलेला. बाई ठेंगणी, ठसठशीत कुंकू. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी बोलायला सुरुवात केली.

“मी सुंदरक्का. हे आमचे मालक, नागोजीराव. कॉटनपेटच्या बँडात क्लॅरिनेट वाजवतात. वाजवायचे. ते बोलणार नाहीत, मीच सांगते.”

“बोलता येत नाही त्यांना?”

“येतं की! पण पुढचे दात गेल्यापासून ‘स’ म्हटला की शिट्टी वाजते. क्लॅरिनेटवाल्याच्या तोंडून नुसती शिट्टी निघालेली बरी दिसते का, अक्का?”

नागोजीरावांनी रुमालाआडून मान हलवली. बरी दिसत नाही, असं त्यांचंही मत होतं.

घडलं होतं ते असं. कॉटनपेटमध्ये एका लग्नाची वरात निघाली होती. संध्याकाळची वेळ, पण उजेड होता. नागोजीराव बँडमास्तर. बँडमास्तर सगळ्यांच्या पुढे असतो, आणि त्याला आपली माणसं डोळ्यांसमोर हवी असतात. म्हणून वरातीकडे तोंड करून, स्वतः वाजवत, तो पाठमोरा चालतो. वर्षानुवर्षं नागोजीराव त्या रस्त्यांवर असे उलटे चालत आले होते. त्याच वेळी पुढच्या गल्लीतून एक लॉरी रस्त्यावर मागे येत होती. यशवंतपूरच्या रेल्वे गुदामातला माल उतरवून ती निघाली होती. लॉरी मागे घेताना क्लीनरने मागे उभं राहून ओरडायचं असतं. क्लीनर चहाला गेला होता. लोकांनी आरडाओरडा केला, नागोजीराव गर्रकन वळले, आणि लॉरीच्या मागच्या फळीचा तडाखा क्लॅरिनेटला बसला. क्लॅरिनेट तोंडात घुसलं. वरचे पुढचे दोन दात गेले, ओठ फाटला.

म्हणजे लॉरी उलटी येत होती आणि माझा पक्षकारही उलटाच चालला होता! मी पेन खाली ठेवलं. हसू दाबायला मला खिडकीबाहेर बघावं लागलं. नागोजीरावांनी ते पाहिलं असावं. रुमाल बाजूला करून ते पहिल्यांदा बोलले.

“हसा, अक्का. माझी हरकत नाही. पण माझं काम गेलं.”

खरंच गेलं होतं. दंतवैद्याने दोन दातांची कवळी बसवली होती, ओठही भरून आला होता. पण क्लॅरिनेट वरच्या दातांनी धरायचं असतं, खालच्या ओठाने पत्ती दाबायची असते. कवळी हलली की पकड गेली, पकड गेली की स्वर गेला. बँडच्या मालकाने थोडे दिवस वाट पाहिली आणि दुसरा माणूस घेतला. आता नागोजीराव बळेपेटेत वाद्यांच्या दुकानात पेट्यांचे भाते चिकटवत होते. इतरांची क्लॅरिनेटं दुरुस्त करत होते, पण वाजवून बघायला शेजारच्या दुकानातल्या माणसाला बोलावत होते.

मी लॉरीचा मालक आणि विमा कंपनी दोघांवर दावा लावला. विमा कंपनीतर्फे उभे राहिले वेंकटाचार. पांढरे शुभ्र केस, खणखणीत आवाज, स्वभावाने अतिशय गोड आणि उलटतपासणीत अतिशय कडू. त्यांची बाजू दोन वाक्यांची होती. रस्त्यावर पाठमोरा चालणारा माणूस स्वतःच्याच चुकीने पडतो. आणि गेलेले दात परत बसवले आहेत, तर मग नुकसान कसलं?

लॉरीचा ड्रायव्हर त्यांनीच साक्षीला आणला. नाव मुनियप्पा. धिप्पाड, दंडावर ताईत, कोर्टात पहिल्यांदाच आलेला. तो कानडीत बोलला, मी इथे मराठीत लिहिते. त्याने पढवल्याप्रमाणे सांगितलं की त्याने हॉर्न वाजवला होता, पण बँडवाल्याला तो ऐकू गेला नाही.

माझी पाळी आली.

“मुनियप्पा, त्यांना हॉर्न का ऐकू गेला नाही?”

“बँड वाजत होता ना, अक्का.”

वेंकटाचार उठून म्हणाले, “साक्षीदाराने वकिलांना अक्का म्हणू नये.” जज्जसाहेब म्हणाले, “चालू द्या.”

“ढोलही वाजत होता?”

“मोठा ढोल होता. छाती हादरत होती.”

“तुमची छाती?”

“हो, अक्का.”

“म्हणजे लॉरीत बसून तुम्हाला बँड ऐकू येत होता.”

तो थांबला. वेंकटाचारांकडे बघायला लागला. मग त्याने बहुधा ठरवलं की शपथ घेतली आहे तर घेतली आहे.

“येत होता.”

“वरात येते आहे हे कळलं, मागे क्लीनर नाही हे माहीत होतं. मग थांबला का नाहीत?”

मुनियप्पाने दोन्ही हातांनी पिंजऱ्याची दांडी धरली. “फार छान वाजवत होते, अक्का,” तो म्हणाला. “ऐकत ऐकत मागं घेत होतो. लक्ष तिकडंच गेलं.”

कोर्टात हशा पिकला. शिरस्तेदार खाली मान घालून हसत होते. जज्जसाहेबांनी टेबलावर हात आपटून शांतता मागितली, पण त्यांच्याही मिशा हलत होत्या. आणि माझे पक्षकार नागोजीराव, ज्यांना मी काहीही झालं तरी जागेवरून हलू नका म्हणून बजावलं होतं, ते उभे राहिले. रुमाल नाही, शिट्टीची पर्वा नाही.

“कुठला भाग आवडला?” त्यांनी ड्रायव्हरला विचारलं. “मोहना राग चालू होता तेव्हा, की त्याच्या आधी?”

“मला रागाचं काय कळतं, मास्तर,” मुनियप्पा म्हणाला. “ते वर वर जात होतं ना शेवटी, ते.”

“हां,” असं म्हणून नागोजीराव खाली बसले. अपघातानंतर त्यांच्या चेहऱ्यावर मी इतकं समाधान पाहिलं नव्हतं.

ड्रायव्हरची चूक अशी त्याच्याच तोंडून आली. राहिला प्रश्न नुकसानीचा. वेंकटाचार हार मानणारे नव्हते. त्यांनी अर्ज दिला की अर्जदाराने कोर्टासमोर वाजवून दाखवावं. वाजवता येतं की नाही, कोर्टच ठरवील.

मला आनंद झाला. एकदा बेसूर ऐकला की काम झालं. नागोजीरावांना ऑफिसात बोलावून तसं सांगितलं, तर ते ताडकन उठलेच.

“लोकांसमोर बेसूर वाजवू? जमणार नाही.”

“नागोजीराव, दात गेलेले दिसतात. गेलेला स्वर दिसत नाही, तो ऐकवावाच लागेल.”

“माझ्या वडिलांनी मला हातात वाद्य देताना एकच शिकवलं, की जे येत नाही ते चारचौघांत काढायचं नाही.”

“मग केस जाईल.”

“केस गेली तर पैसे जातील, अक्का. तिथं बेसूर वाजला तर इतकी वर्षं वाजवलं ते जाईल. बंगळुरात मला कोण ओळखत नाही? ते काय म्हणतील?”

मी खूप समजावलं. शेवटी सोबत आलेल्या सुंदरक्कांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. “सरी,” म्हणजे ‘बरं’, ते म्हणाले, “वाजवतो. जसं येईल तसं वाजवतो.” हे त्यांनी ज्या पद्धतीने म्हटलं त्यावरून मला संशय यायला हवा होता.

त्या दिवशी कोर्ट भरून गेलं. इतर खोल्यांतले वकील, चपराशी, दुसऱ्या दाव्यांचे पक्षकार, सगळे दाराशी. मुनियप्पाही मागे येऊन उभा होता. त्याची साक्ष संपली होती, यायचं काहीच कारण नव्हतं. नागोजीरावांनी पेटीतून क्लॅरिनेट काढलं, जुळवलं, पत्ती ओली केली, आणि डोळे मिटून सुरुवात केली.

काय सांगू! खालचे स्वर, भरदार, मऊ. एकेक स्वर लांबवत, वळवत, ते फिरत राहिले. काळे कोट हलेनासे झाले. पंख्याची घरघर तेवढी चालू होती. मला गाण्यातलं फारसं कळत नाही, पण माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच क्षणी केस आठवली. माणूस इतकं सुंदर वाजवत असेल, तर भरपाई कसली मागायची? वेंकटाचारांनी डायरी मिटली आणि खुर्चीत आरामात मागे टेकले. त्यांची केस आता माझाच पक्षकार चालवत होता.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. “वर जा की! खालीच काय फिरताय?”

वाजणं थांबलं. सगळ्यांच्या माना वळल्या. सुंदरक्का उभ्या होत्या.

“कोण त्या?” जज्जसाहेबांनी विचारलं.

“मी ह्यांची बायको,” सुंदरक्का खणखणीत कानडीत म्हणाल्या. “साहेब, हे चोरी करतायत. जेवढं येतं तेवढ्यातच फिरतायत. वर गेले की कळेल तुम्हाला.”

वेंकटाचार उठले. साक्षीदार नसलेल्या व्यक्तीने कोर्टात बोलणं कसं बेकायदा आहे, हे त्यांनी सांगितलं. ते अगदी बरोबर होतं. मी म्हटलं, “मग मी यांना साक्षीदार म्हणून बोलावते.” परवानगी मिळाली. सुंदरक्का पदर खोचून पिंजऱ्यात चढल्या. शपथ घेऊन त्यांनी जे सांगितलं, त्यावर कोणी हसलं नाही.

“रोज सकाळी मी पाणी भरायला गेले की हे वाद्य काढतात. मी घरात नाही असं त्यांना वाटतं. मी भिंतीपलीकडे घागर घेऊन उभी असते. खालून वर चढत जातात. एका जागेला पोचले की थांबतात. परत खाली येतात, परत चढतात, परत तिथंच. मग पुसून पेटीत ठेवतात. मी घागर घेऊन आत येते आणि म्हणते, काय करत होतात? ते म्हणतात, काही नाही, बसलो होतो.”

नागोजीराव जमिनीकडे बघत होते.

जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवलं. “नागोजीराव,” ते हळू आवाजात म्हणाले, “कोर्टाला ती जागा ऐकायची आहे. सक्ती नाही. पण ऐकल्याशिवाय मला ठरवता येणार नाही.”

नागोजीरावांनी माझ्याकडे बघितलं नाही, सुंदरक्कांकडे बघितलं. मग क्लॅरिनेट उचललं. पुन्हा खालून सुरुवात केली, आणि या वेळी पायरी पायरीने वर निघाले. वर, आणखी वर. पुढच्या स्वराला कवळी सरकली, ओठ सुटला, आणि पत्तीतून एक चिरकी किंकाळी निघाली. त्यांनी ती तोडली नाही. तसंच पुढे रेटून पुन्हा एकदा प्रयत्न केला. पुन्हा तेच. मग त्यांनी क्लॅरिनेट खाली घेतलं, रुमालाने पुसलं आणि पेटी बंद केली.

दाराशी मुनियप्पा ताईत चाचपत उभा होता. तो वळून निघून गेला.

वेंकटाचार उभे राहिले. उलटतपासणी करणार म्हणून मी सावरून बसले. ते म्हणाले, “मला काही विचारायचं नाही,” आणि बसले. त्या माणसाबद्दल मला त्या दिवसापासून आदर आहे.

निकाल आमच्या बाजूने लागला. आकडा सांगत नाही, त्या काळचा आकडा आजच्या वाचकाला केविलवाणा वाटेल. पाठमोरं चालल्याबद्दल जज्जसाहेबांनी थोडा हिस्सा कापला. मी अपिलाचं विचारलं, तर नागोजीराव म्हणाले, “नको, अक्का. उलटा तर मी चाललोच होतो.” त्या पैशांत त्यांनी जुनी वाद्यं विकत घेतली, दुरुस्त केली आणि स्वतःचा बँड उभा केला. स्वतः वाजवायचं नाही, शिकवायचं आणि चालवायचं.

इथे मी ही गोष्ट संपवली असती, तर ती एका जिंकलेल्या केसची गोष्ट झाली असती. पण निकालानंतर काही दिवसांनी मुनियप्पा माझ्या ऑफिसच्या पायऱ्यांवर येऊन बसला.

“मालकानं काढून टाकलं, अक्का. कोर्टात गाणं आवडलं म्हणून कशाला सांगितलंस, म्हणाला.”

माझ्या उलटतपासणीची बाररूममध्ये तारीफ चालली होती. ज्याच्या उत्तरावर ती केस उभी राहिली, तो माणूस माझ्यासमोर बेकार बसला होता.

“कायद्यात याला काही आहे का?” त्याने विचारलं.

“खरं बोलल्याची भरपाई कायद्यात नाही, मुनियप्पा.”

“सरी,” तो म्हणाला. रागावला नाही. उठून जायला निघाला, तेच मला लागलं. मी त्याला थांबवलं. ओळखीच्या दोन-तीन लॉरीवाल्यांकडे शब्द टाकला. पण ज्याच्यावर कोर्टात चूक शाबीत झाली आहे, त्याच्या हातात गाडी द्यायला कोणी तयार होईना. शेवटी मी बळेपेटेत गेले आणि नागोजीरावांना सगळं सांगितलं. त्यांचे दात जायला कारण झालेला माणूस आहे, नाही म्हणाले तर मी समजून घेईन, अशी मनाची तयारीही केली होती.

नागोजीराव एका तुतारीचं पितळ घासत होते. ऐकून घेतलं. मग म्हणाले, “दंड कसे आहेत त्याचे?”

“भक्कम.”

“मोठ्या ढोलाला माणूस पाहिजेच आहे. पाठवून द्या.”

“तुम्हाला राग नाही?”

“राग होता,” ते म्हणाले. “आताही सकाळी वाद्य काढलं की येतो. पण माझं वाजवणं इतकं आवडलेला दुसरा माणूस मी आता कुठून आणू, अक्का?”

मी मुनियप्पाला पाठवून दिलं. त्यानंतर कामाच्या धबडग्यात मला चौकशी करायलाही वेळ झाला नाही. एका रविवारी सकाळी सुंदरक्का घरी आल्या. डब्यात होळिगे, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या. बँडला लग्नसराईची कामं मिळाली होती, त्याचा आनंद. ख्यालीखुशाली झाली. मग त्या जरा पुढे सरकून बसल्या आणि वकिलाशी बोलायचा खास आवाज काढून म्हणाल्या, “अक्का, एक कायद्याचं विचारायचं होतं.”

“विचारा की.”

“तो मुनियप्पा रोज पहाटे आमच्या घरी येतो. ढोल शिकायला. गडी मेहनती आहे, मन लावून वाजवतो, पण तालाशी त्याची ओळख नाही. धड, धड, धड! आणि हे आमचे, कपाळाला हात न लावता, शांतपणे परत सांगतात, परत वाजवून घेतात. गल्लीतली मांजरं घर सोडून गेली. कानांना इजा झाली, तर त्याची भरपाई मिळते का?”

“मिळू शकते,” मी गंभीरपणे म्हटलं. “पण आधी चूक कोणाची ते ठरवावं लागेल.”

“तुमचीच,” सुंदरक्का म्हणाल्या. “तुम्हीच पाठवलात ना त्याला?”

तोवर विरुद्ध बाजूच्या कितीतरी वकिलांना मी पळता भुई थोडी केली होती. त्या सकाळी माझ्याकडे बचाव नव्हता. मी तिथल्या तिथे जबाबदारी मान्य केली आणि त्यांना जेवायला थांबवून घेतलं.